शाल, श्रीफळ आणि थोडी माती

चौदा जानेवारी या तारखेवर आपल्याकडे तशी गर्दीच आहे. घरात तिळाच्या वड्या असतात, गच्चीवर पतंग असतात आणि पेपरच्या एखाद्या कोपऱ्यात पानिपत असतं. १७६१ साली याच तारखेला मराठी फौज तिथे कापली गेली. या गर्दीत गेल्या काही वर्षांत आणखी एक दिवस येऊन बसला आहे. भारतीय लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती के. एम. करिअप्पा १९५३ साली १४ जानेवारीला निवृत्त झाले, म्हणून हा दिवस सशस्त्र दलांच्या माजी सैनिकांचा दिवस म्हणून पाळतात. शाळेच्या पटांगणात नाहीतर एखाद्या हॉलमध्ये कार्यक्रम होतो. शाल, श्रीफळ, गुच्छ. मग निवेदक माइक पुढे करतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, मुलांना एखादा थरारक प्रसंग सांगा ना.’’

आमचं म्हणणं या माइकपाशी सुरू होतं. ज्याने फारसं काही पाहिलेलं नसतं तो हा प्रसंग रंगवून सांगतो. ज्याने पाहिलेलं असतं तो बहुधा दोन वाक्यं बोलतो, ‘जय हिंद’ म्हणतो आणि खाली बसतो. पोरं टाळ्या वाजवतात, निवेदक म्हणतो की साहेब किती साधे आहेत, आणि पुढच्या सत्काराचं नाव पुकारलं जातं. साहेब साधे असतील किंवा नसतील. त्यांना त्या क्षणी बोलता आलेलं नसतं, एवढंच खरं.

पानिपताचंच घ्या. त्या रणातून जे वाचले त्यांत अठरा वर्षांचा, प्रकृतीने तोळामासा असा एक मुलगा होता. आई आणि बायको बरोबर होत्या. फौजेच्या संगतीने तीर्थयात्रा घडेल हा हेतू. त्या धांदलीत आईची ताटातूट झाली ती कायमची. मुलगा जीव मुठीत धरून पायी निसटला आणि पुढे नाना फडणवीस म्हणून अख्ख्या हिंदुस्थानाला माहीत झाला. नानाने स्वतःचं एक छोटं आत्मवृत्त लिहून ठेवलं आहे, मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या आत्मचरित्रांपैकी एक. त्यात बालपण आहे, मनातल्या वासनांची उघड कबुली आहे, पानिपताहून निसटल्याची हकीकत आहे, आणि तिथून थोडं पुढे जाऊन ते तुटतं. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं हा माणूस मराठी राज्याच्या कारभारात होता. त्या सगळ्या वैभवाचं आत्मवृत्त त्याने लिहिलं नाही. लिहिलं ते पानिपतापर्यंतचं. त्याच्या भित्रेपणावर पुढच्या लेखकांनी मनसोक्त लिहिलं आहे. अठराव्या वर्षी त्याच्या डोळ्यांसमोर काय घडलं होतं ते जमेस धरून लिहिणारे आमच्या वाचनात थोडेच.

आता पानिपतावरून थेट चंदनसारला येऊ. विरार स्टेशनच्या पूर्वेला उतरून महामार्गाकडे, विरार फाट्याच्या दिशेने निघालं की चंदनसार लागतं. एकेकाळचं गाव, आता चाळी, इमारती, गॅरेजं आणि शेअर रिक्षा. या पट्ट्यातल्या सोसायट्यांच्या, गोदामांच्या, एटीएमच्या दारांवर जे गणवेशातले लोक बसलेले असतात, त्यांच्यापैकी काही जण खरोखरच फौजेतून आलेले असतात. साधा शिपाई पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आगेमागे घरी येतो. पेन्शन असते, पण घराचा हप्ता आणि पोरांच्या फिया पेन्शनला ऐकत नाहीत. मग एजन्सीची बारा तासांची ड्युटी. गावाकडे हुद्दा काहीही असो, लोक त्याला ‘मेजर’ म्हणून हाक मारतात. इथे तो वॉचमन.

त्याला ओळखायचं तर गेटवरची नोंदवही उघडावी. गाडीचा नंबर, आल्याची वेळ, फ्लॅट, सही, सगळं एका रेषेत. रात्री दोनची नोंदही दुपारी दोनच्या नोंदीइतकीच स्वच्छ. बूट चकचकीत. खुर्ची अशी ठेवलेली, की पाठ भिंतीला लागेल आणि दोन्ही वाटा दिसतील. सोसायटीच्या कमिटीला वाटतं, काय शिस्त आहे! असेलही. पण कुपवाड्यात किंवा द्रासला काही वर्षं काढलेल्या माणसाने पाठ भिंतीला लावून बसणं, याला नुसती शिस्त म्हणून चालत नाही. दिवाळीत मागे सुतळी बॉम्ब फुटला की त्याचे खांदे कसे आखडतात तेही पाहावं. घरच्यांनी ते पाहिलेलं असतं. ‘झोपेत ओरडतो’, ‘उगाच डोकं फिरतं त्याचं’, ‘लग्नकार्यात थांबतच नाही’ एवढं बोलून घरातल्या बायका गप्प होतात. इकडे पाड्यावर भगताला विचारतात, साताऱ्याकडे देवऋष्याला. कुणी जीवदानीला नवस बोलतं. आम्ही त्यांना हसणार नाही. दुसरं दार त्यांना कुणी दाखवलेलंच नाही.

दार फौजेतच दाखवायला हवं होतं, आणि ते तिथे अगदीच नाही असंही नाही. लष्करी रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ आहेत, समुपदेशक आहेत. पण जवान तिकडे जायला कचरतो, त्याला व्यवहारी कारण आहे. फौजेत प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच अक्षरांत मांडतात. ‘एच’ कानांचं, ‘ए’ हातापायांचं, ‘पी’ शरीराचं, ‘ई’ डोळ्यांचं, आणि सगळ्यांच्या आधीचं ‘एस’ मनाचं. पाचही ठीक तर ‘शेप-वन’. एखाद्या अक्षरापुढचा आकडा वाढला की कॅटेगरी खाली येते, आणि कॅटेगरी खाली आली की बढती, कोर्स, मनासारखी पोस्टिंग या सगळ्यांवर सावट येतं. गुडघ्याने कॅटेगरी गेली तर सहकारी हळहळतात. ‘एस’ने गेली तर पलटणीत कुजबूज होते. म्हणून माणूस गुडघा दाखवतो आणि झोप लपवतो. ती लपवायची सवय पेन्शनीनंतर सुटेल, अशी अपेक्षाच करू नये.

जगभरात यावर एक उपाय पुन्हा पुन्हा सापडत आला आहे आणि गंमत म्हणजे तो शोधून काढणारे बहुतेक वेळा डॉक्टर नव्हते. त्यातला आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो तो हॉरेस पिपिन. पेनसिल्व्हेनियाचा काळा माणूस, जन्म १८८८. पहिल्या महायुद्धात ३६९व्या पायदळ पलटणीतून फ्रान्सच्या खंदकांत लढला. १९१८च्या शरदात नेमबाजाची गोळी उजव्या खांद्यात घुसली आणि तो हात खांद्याच्या वर उचलणं कायमचं बंद झालं. घरी आला, लग्न केलं, पेन्शन तुटपुंजी, मिळेल ते काम. कित्येक वर्षं असा बसून राहिल्यावर त्याने एक दिवस चुलीतली लोखंडी सळई तापवली आणि लाकडाच्या फळीवर तिच्या लाल टोकाने रेषा भाजायला सुरुवात केली. दुखरा हात मांडीच्या आधाराने स्थिर धरायचा आणि फळीच सळईखाली सरकवायची. पुढे तैलरंग घेतले. ब्रश उजव्या हातात, आणि उजवं मनगट डाव्या हाताने धरून तो हात कॅनव्हासवर फिरवायचा. युद्धाच्या शेवटावरचं त्याचं पहिलं मोठं चित्र पुरं व्हायला तीन वर्षं लागली. १९३०च्या सुमारास धरलेलं ते चित्र रंगावर रंग चढत चढत एखाद्या लिंपलेल्या भिंतीसारखं जाड झालं. नंतर त्याने चौकटीवर लाकडाचे हातबॉम्ब, रणगाडे, शिरस्त्राणं, बंदुका कोरून बसवल्या. ते चित्र आज फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे. आपल्यातली कला युद्धानेच बाहेर काढली, असं तो पुढे सांगायचा.

तीन वर्षं एकाच चित्रावर घालवणं कलेच्या हिशेबात हट्ट ठरेल. पण चित्र संपवायची त्याला घाई नव्हती, एवढं त्यावरून दिसतं. माइक हातात आला की दोन मिनिटांत प्रसंग संपवावा लागतो. फळीला अशी घाई नसते. ती उद्या पुन्हा तिथेच असते, कालची रेष पुसायची की ठेवायची हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि ती कुणाला दाखवायची की नाही हेही त्यानेच ठरवायचं. ज्याच्या डोक्यात नको तेव्हा नको ते चित्र घुसतं, त्याला आपल्या मर्जीने एक चित्र काढता आणि थांबवता येणं ही लहान गोष्ट नव्हे.

यामागे काही शास्त्रही आहे, पण ते जपून सांगायला हवं. आघाताच्या आठवणी नीट गोष्टीसारख्या येत नाहीत. डिझेलचा वास, बुटाखाली चुरचुरलेला बर्फ, एखादा चेहरा असे तुकडे येतात आणि त्यांना आधी-नंतर नसतं. १९९६ साली बोस्टनमध्ये एका अभ्यासात, आपल्याच आघाताची हकीकत ऐकवली जात असताना रुग्णांच्या मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा दृश्यांशी संबंधित भाग पेटलेला आणि बोलण्याशी संबंधित भाग मंदावलेला दिसला. रुग्ण अवघे आठ होते, तेव्हा त्यावर इमला उभारू नये. पण स्टेजवर ‘जय हिंद’ म्हणून खाली बसणाऱ्या माणसाला आपण निदान भिडस्त म्हणणं तरी थांबवू शकतो. या दुखण्याला वैद्यकाच्या पुस्तकात आजचं नाव मिळालं तेच मुळी १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्यांनी अमेरिकेत आवाज उठवल्यावर. त्याआधी पहिल्या महायुद्धात त्याला तोफगोळ्याचा धक्का म्हणत, आणि काहींना तर पळपुटे ठरवून गोळ्या घातल्या गेल्या.

चित्रकलेतून उपचार या कल्पनेला रूढ नाव दिलं तेही एका सैनिकानेच. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार पहिल्या महायुद्धात आघाडीवर रेखाटनं करत होता. १९३८ साली क्षयाने आजारी पडून तो आरोग्यधामात गेला, तिथे पडल्या पडल्या समोरच्या वस्तूंची चित्रं काढू लागला, मग शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांना काढायला लावू लागला. दुसऱ्या महायुद्धातले जखमी तिथे येऊ लागले तेव्हा त्यांनाही. डॉक्टरांनी सुरुवातीला हा विरंगुळा समजला होता. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये तर याहून जुनी वस्तू आहे: पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सव्वाशेहून अधिक सैनिकांनी रुग्णालयांतल्या खाटांवर बसून भरतकामाने काढलेलं वेदीचं वस्त्र. १९१९च्या शांतता-प्रार्थनेला ते वापरलं गेलं. मिशीवाले, खंदकांतून आलेले पुरुष सुईदोरा घेऊन फुलं-पक्षी भरतायत हे चित्र आपल्याला विचित्र वाटतं. त्यांनाही वाटलं असेल, पहिले दोन दिवस.

हे सगळं परदेशी झालं. पण याचा सर्वांत मोठा दाखला पालघर जिल्ह्यातच आहे आणि आपण त्याच्याकडे या नजरेने कधी पाहिलेलं नाही.

जिव्या सोमा मशे. जन्म १९३४. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळचा कळंबीपाडा हे त्यांचं गाव. सैनिक नव्हेत, युद्धाशी त्यांचा संबंध नव्हता. सात वर्षांचे असताना आई गेली आणि या मुलाचं बोलणं थांबलं. एक-दोन दिवस नव्हे, काही वर्षं. त्या काळात तो बोटाने नाहीतर काडीने धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगायचा. वारली जमातीत चित्र काढणं हे बायकांचं काम: लग्नघरात सवाशिणींनी चौक लिहायचा, कुडाच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेल्या कुंचल्याने, मधोमध पालघाट देवी. पुरुषाने, तेही रोज, लग्न नसताना चित्र काढायचं, हे कुणी ऐकलेलं नव्हतं. या मुक्या पोराला कुणी अडवलं नाही. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे पोचले तेव्हा त्यांना जिव्याच्या हातातली करामत दिसली. पुढे १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ची पद्मश्री, परदेशांतली प्रदर्शनं हे सगळं आपल्याला पाठ आहे. २०१८च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा अग्रलेखही आले.

त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र एकदा जवळून पाहावं. अख्खा कॅनव्हास व्यापणारं जाळं. त्याची एकेक गाठ, एकेक घर, सुतासारखी पांढरी रेघ, हजारो वेळा. दुरून पाहिलं तर पाण्यावर वारा आल्यासारखं वाटतं. जवळ गेलं की दिसतं ते एका माणसाचं तासन्‌तास एकाच श्वासाने काम करत राहणं. आम्ही मशे यांच्या मनात शिरू शकत नाही, आणि त्यांची सगळी कला त्या एका दुःखावर टांगणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. ते फार मोठे चित्रकार होते आणि आनंदाचे चित्रकार होते. पण बोलणं बंद पडलेल्या मुलाला त्या पाड्याने धूळ आणि काडी मोकळी ठेवली, ‘बोल रे बोल’ म्हणून त्याच्या मागे लागून त्याला वेडा ठरवला नाही, ही गोष्ट चंदनसारपासून रेल्वेने काही स्टेशनांवर घडलेली आहे. आपण त्या चित्रांचे कुशन कव्हर केले आणि ही गोष्ट मात्र तिथेच ठेवून दिली.

जाता जाता आणखी एक शेजारी. विरारच्या अलीकडचं स्टेशन नालासोपारा. तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली सापडला. पूर्वीचे राजे शिकारीच्या सफरींवर जात, मी अभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असा त्याचा आशय. कलिंगाचं युद्ध आठव्या वर्षी झालेलं. त्या युद्धाचा पश्चात्ताप अशोकाने तेराव्या लेखात कोरून घेतला, एक लाख मेले, दीड लाख परागंदा झाले हे आकड्यांसकट. आणि नेमका तोच लेख कलिंगात, म्हणजे धौली आणि जौगडला, लावला नाही. राजाचं राजकारण त्यात होतंच. तरी जिथे घडलं तिथे बोलायचं नाही, दूर कुठेतरी दगडावर कोरून ठेवायचं, ही माणसाची जुनी खोड दिसते.

महाराष्ट्राने या बाबतीत काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पुण्याजवळ खडकीला जखमी सैनिकांना हातची कामं शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, तिची सुरुवात १९१७ची. तिथेच १९७४पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पाठीच्या कण्याला दुखापत होऊन कमरेखाली किंवा मानेखाली शरीर निकामी झालेले जवान तिथे राहतात. वायुदलातला एक माजी सैनिक तिथे तोंडात कुंचला धरून चित्रं काढतो. मानेच्या हालचालीएवढाच त्याचा हात, आणि तेवढ्यात तो डोंगर, पाणी, आभाळ काढतो. याच परंपरेतले आपले मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून कमरेखालचं शरीर गेलं. पोहणं सुचवलं गेलं ते व्यायामोपचार म्हणून. १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटरचं सुवर्णपदक आलं ते त्यातून. उपचार म्हणून हाती दिलेली गोष्ट माणसाला कुठे नेईल हे सांगता येत नाही, एवढं पेटकरांवरून घ्यावं. सगळ्यांनी पदकं आणावीत असा त्याचा अर्थ काढणारे काढतात, तो भाग वेगळा.

पण खडकीला जाण्यासाठी कणा मोडावा लागतो. ज्याचं शरीर धड आहे आणि झोप मोडली आहे, त्याच्यासाठी खडकी नाही. आमचा मुद्दा त्या धडधाकट दिसणाऱ्या माणसाचा आहे.

अमेरिकेत २०१०पासून वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयाच्या एका केंद्रात सैनिकांना कागदाच्या लगद्याचे कोरे मुखवटे रंगवायला देतात. कुणी अर्धा चेहरा झेंड्याचा आणि अर्धा कवटीचा करतो, कुणी ओठ शिवून टाकतो. २०१५च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिओग्राफिक’ने ते छापले आणि जगभर गाजले. अनेकांना बोलायला तोंड फुटलं ते मुखवटा पुढे धरून. हे ऐकून आपल्याकडे काय होईल याची आम्हाला धास्ती आहे. कुणीतरी ‘शूरवीर चित्रकला स्पर्धा’ ठेवेल. विषय देईल: सीमेवरचा जवान. परीक्षक येतील, पहिला-दुसरा-तिसरा आणि दोन उत्तेजनार्थ. चित्रांचं प्रदर्शन भरेल, फीत कापली जाईल, आणि ज्या माणसाने कधी नव्हे तो आपल्या मनातला काळा रंग कागदावर उतरवला, त्याला परीक्षक सांगतील की तिरंगा जरा ठळक हवा होता. असल्या गोष्टींत आपला हात कुणी धरणार नाही. वसईत दर डिसेंबरात भरणारा कला-क्रीडा महोत्सव आमच्या अभिमानाचा विषय आहे, हजारो मुलं त्यात उतरतात; पण या कामाला स्पर्धेचा वारासुद्धा लागू नये.

दुसरी धास्ती भोळेपणाची. चित्र काढलं की माणूस बरा होतो, असं कुणी सांगत असेल तर तो काहीतरी विकतो आहे. ऑटो डिक्स हा जर्मन चित्रकार पहिल्या महायुद्धात खंदकांत लढला, १९२४ साली त्याने युद्धावरची पन्नास कोरीवचित्रं काढली. प्रेतं, चिखल, किडे. आजही पाहवत नाहीत. आणि पडक्या घरांतून सरपटत जाण्याची स्वप्नं आपल्याला वर्षानुवर्षं पडत होती असं तो सांगत असे. कलेने त्याचं युद्ध मिटवलं नाही. कलोपचारावरचे अभ्यास आशादायक आहेत, पण बरेचसे लहान आहेत. ज्याला औषध लागतं त्याला औषधच हवं. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतून बोलता येतं. फौजींसाठी तिचा एक कक्ष २०२३च्या डिसेंबरात पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. शाल देताना त्या पाकिटात हा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घालायला काय लागतं? चित्राचं काम त्याच्या अलीकडचं आहे. फोन उचलायचं धैर्य येईपर्यंत हाताला काहीतरी असावं, आणि चारचौघांत बसून न बोलण्याची मुभा असावी.

हे आत्ता लिहिण्याचं कारण फक्त चौदा जानेवारी नाही. अग्निपथ योजना २०२२च्या जूनमध्ये आली. पहिल्या अग्निवीरांचं प्रशिक्षण २०२३च्या जानेवारीत सुरू झालं. चार वर्षांनी चारातले तीन बाहेर पडणार, हाती सुमारे ११.७१ लाखांची सेवानिधी, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्या दर्जाबरोबर येणारी आरोग्य योजना नाही. त्या योजनेच्या बऱ्यावाईटाची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. इथे एवढंच म्हणायचं आहे की बहुतेक पंचविशीच्या आतली, सीमेवर राहून आलेली पोरं विरारच्या लोकलमध्ये चढणार आहेत, आणि त्यांना सत्कारालाही कुणी बोलावणार नाही, कारण कागदोपत्री ती माजी सैनिकच नसतील. जे काही उभं करायचं ते या मुलांचा कागद न विचारता उभं करावं लागेल.

उभं करायचं म्हणजे केंद्र, इमारत, कोनशिला असं काही आमच्या डोक्यात नाही. एक खोली हवी, पाण्याचा नळ असलेली, कारण माती आणि रंग दोन्ही धुवावे लागतात. चित्रकलेचा एक शिक्षक हवा. आपल्या तालुक्यात निवृत्त झालेले कलाशिक्षक आहेत आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना घरी बसून कंटाळा आलेला आहे. त्याने शिकवायचं कमी आणि साहित्य मांडून ठेवायचं जास्त. महिन्यातून एकदा महापालिकेच्या रुग्णालयातून किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या ओळखीने एखादा मानसोपचारतज्ज्ञ येऊन बसावा, भाषण न करता. ज्याला वाटेल त्याने त्याच्याकडे जावं. डहाणूकडचा एखादा वारली चित्रकार आला तर फारच छान, कारण त्रिकोण आणि रेघ यांवर उभी असलेली ती चित्रभाषा पहिल्या दिवशी कुणालाही जमते, ‘मला चित्रकला येत नाही’ ही सबब तिथे टिकत नाही. ज्याला चित्र नको त्याला माती, लाकूड, दोरा, नाहीतर ढोलकी. भिंतीवर काही टांगायचं नाही. फोटो काढायचा नाही. नगरसेवकाला बोलावायचं नाही. तो येऊ म्हणाला तर त्यालाही एक कागद द्यायचा आणि बसवायचा.

राहिला प्रश्न वेळेचा, आणि असल्या योजना नेमक्या इथेच फसतात. संध्याकाळी सहाची वेळ ठेवली तर कुणी येणार नाही, कारण तेव्हा रात्रपाळीवाला डबा घेऊन निघालेला असतो. चंदनसारच्या गेटवरची ड्युटी सकाळी आठला सुटते. घरी जाऊन अंघोळ-चहा होतो, पोरं शाळेत गेलेली असतात, बायको कामावर. झोप तशीही लगेच येत नाही. तेव्हा खोली सकाळी दहाला उघडलेली असावी, आठवड्यातून निदान तीन दिवस, आणि किल्ली ज्याच्याकडे असेल त्याने वेळेवर यावं. फौजी दहा म्हणजे पावणेदहाला येऊन दारात उभा राहील.